घाईला न चालणारी खळ

खळीच्या टाकीतल्या ढवळणीचा लोखंडी शाफ्ट पिळवटून तुटला होता आणि मॅनेजरसाहेब यल्लप्पामामांच्या नावाने चार्जशीट टाईप करवून मोकळे झाले होते. आरोप : टाकीत मुद्दाम लोखंड टाकले. शिक्षा ठरलेलीच होती, नोकरी जाणार.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. मागावर चढवण्याआधी सुताला मक्याच्या स्टार्चची खळ देतात, म्हणजे ते तुटत नाही. शिजवण्याआधी ते पीठ गार पाण्यात कालवावं लागतं. बावीस वर्षं हे काम यल्लप्पामामा लाकडी वल्ह्याने करत होते, अगदी सावकाश. नव्या मॅनेजरांना तो आळस वाटला. त्यांनी पाणी कमी करायला लावलं आणि टाकीवर दुप्पट वेगाची मोटार बसवली. मला विचारलंसुद्धा नाही!

मी टाकी रिकामी करवली. आत लोखंड सोडा, खिळाही नव्हता.

"मामा, झालं काय?"

"सायेब, म्या आदीच सांगितलं व्हतं की. हळू ढवळलं तर ताक, जोरात ढवळलं तर दगड. ऐकतंय कोण?"

ऐकायला हवं होतं. दाट कालवणात पिठाच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. सावकाश ढवळलं की कण एकमेकांना वाट देतात. घाई केली की तो थर टिकत नाही, कण एकमेकांवर घासून अडकतात. मोटार थांबायला तयार नाही, मग शाफ्ट तुटणारच.

चौकशीच्या दिवशी मी तेच कालवण बादलीत घेऊन मामांबरोबर मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात गेलो.

"साहेब, हळूच हात घाला."

हात मनगटापर्यंत गेला.

"आता काढा आणि जोरात ठोसा मारा."

त्यांनी मारला. मूठ वरच अडली. साहेब बोटं चोळत बसले.

"आधी का नाही सांगितलं?" उलट मलाच!

"यांनी सांगितलं होतं. तुम्ही यांनाच चार्जशीट दिलीत."

चार्जशीट मागे घेतली. माफी नाहीच. चार दिवसांनी टाकीजवळ साहेबांच्या सहीची इंग्रजी नोटीस लागली : सावकाश ढवळावे.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच."

"माजं नाव हाय का त्यात?"

नव्हतं. माझा संताप अजून गेलेला नाही. मात्र पुढे तीस वर्षं कुठलीही मोटार बसवण्याआधी मी वल्हं धरणाऱ्याला विचारत आलो. एकही शाफ्ट तुटला नाही.