औंध ते पलूस, घोडीवरून

भरतीच्या वेळी मी घोडदळ मागितलं होतं. मिळाली खेचरांची कंपनी. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पुढची अठ्ठावीस वर्षं जनावरांचा दोर धरून पायी चाललो. ओझ्याच्या जनावरावर जवानानं बसायचं नाही, असा नियम होता. तो मी एकदाही मोडला नाही. मोडायला हवा होता तो हुकूम. तोही मोडला नाही.

वरच्या पोस्टला रस्ता नव्हता. पहाटे साडेचारला दाणा-पाणी, पावणेसहाला लोड बांधायचं, सहाला निघायचं. रॉकेल, रेशन, दारूगोळा. वाटेत एक नाला लागायचा. मार्चमध्ये त्याच्या वरचा बर्फ उन्हानं सुटायचा. म्हणून नऊच्या आत नाला पार करायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जायचं. हे लेखी होतं.

त्या दिवशी बारा खेचरं, सहा जवान. मी हवालदार, पार्टी कमांडर. सर्वांत मागे नायक शंकर पोळ. तो पलूसचा, मी औंधजवळचा. दोघं एकाच मातीतले म्हणून तो मला दादा म्हणायचा. सहाला आम्ही तयार होतो. बेसवरून निरोप आला, थांबा, आणखी दोन पेट्या येतायत. पेट्या आल्या सव्वानऊला. मी विचारलं, काय आहे यात? स्टोअरचा माणूस म्हणाला, कप-बशा. वर मोठे साहेब पाहणीला येणार होते.

मी रेडिओवरून वरच्या पोस्टला गाठलं.

"नाला अनसेफ है. लोड कल सुबह भेजेंगे. ओव्हर."

"लोड आज ही चाहिए. ओव्हर."

"सर, धूप चढ गई है. ओव्हर."

"आज ही. आऊट."

माझ्या तोंडात 'नाही' होतं. ते बाहेर आलं नाही.

शंकर म्हणाला, "दादा, ऊन लय चढलंय. आज नगं."

मी म्हणालो, "हुकूम आहे."

"व्हय. मग चला."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी वरून आवाज आला. नऊ खेचरं पार झाली होती. शंकरच्या हातात शेवटची तीन होती. त्यानं तिन्ही खेचरांचे दोर एकमेकांपासून सोडवले आणि दोन खेचरांच्या पाठीवर थापा मारून त्यांना पुढं पिटाळलं. तिसऱ्याचा पाय रुतला होता. ते सोडवत असताना बर्फ आला. तो आणि ते खेचर, दोघं गेले.

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही त्याला बाहेर काढलं. पेट्या त्याच खेचरावर होत्या. एका पेटीतला एकही कप फुटला नव्हता. चौथ्या दिवशी पाहणी झाली आणि साहेबांनी त्यातूनच चहा घेतला.

चौकशीत लिहिलं गेलं, 'ड्रायव्हरने जनावर वेळेत सोडले नाही.' ड्रायव्हर म्हणजे खेचर नेणारा जवान, शंकर. उशीर, पेट्या, रेडिओ, यातलं काहीच कागदावर नव्हतं. साक्षीदार म्हणून मला सही करायला सांगितली. मी केली. नंतर बढत्या मिळत गेल्या आणि सुभेदार होऊन घरी आलो.

गावात मला लोक तापट म्हणतात. खरंच आहे. अकरा वर्षं मी घरच्यांवर ओरडलो, सोसायटीच्या सेक्रेटरीवर ओरडलो, पाण्याच्या पाळीवरून भावकीशी भांडलो. कारण कुणाला कळलं नाही. मी सांगितलं नाही.

एकसष्टाव्या वर्षी तातोबा शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आला. माणदेशातला धनगर, माझ्याच वयाचा. त्याच्याजवळ बिऱ्हाड वाहायच्या तीन घोड्या. मी त्यांचे खूर बघितले, एकीचा नाल सैल होता तो बसवून दिला. तो म्हणाला, "जनावरातला मानूस दिसताय. बसा की."

"मी कधी बसलो नाही."

"मग आता कवा बसनार?"

बसलो. खोगीर नव्हतं, घोंगडी होती. दुडक्या चालीत दात वाजले. संध्याकाळी मांड्या इतक्या दुखल्या की जिना चढवेना. बायको म्हणाली, "आवं, ह्ये काय वय हाय व्हय घोड्यावर बसायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. तातोबाचा कळप पुढं निघाला तेव्हा ती काळी घोडी मी ठेवून घेतली.

आता दोन वर्षं झाली. रोज सकाळी यमाईच्या डोंगराखालून माळावर जातो. मोकळ्या रानात ती चौखूर उधळते, कानात वारा शिरतो, गुडघे दुखायचं विसरतात. एका सकाळी मी मोठ्यानं हसलो. माझंच हसणं मला ओळखीचं वाटलं नाही. आणि लगेच डोक्यात आलं, शंकरला हे वय मिळालं नाही. ते कप आणि त्यातून निघणारी वाफ दिसायला लागली. लगामावरचे माझे हात आवळले गेले.

तातोबा त्या हंगामात पुन्हा आमच्याकडं उतरला होता. तो समोरून ओरडला, "सुभेदार, थांबवा! तिच्या तोंडाला रगात आलंय."

मी उतरलो. लगाम ओढून ओढून मी तिची जिवणी फाडली होती. आयुष्यभर मी जनावराला चाबूक लावला नाही.

"कुनाचा राग हाय?" तातोबानं विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं जखमेला हळद लावली आणि म्हणाला, "मग हिला कशाला वढताय? ज्येला सांगायचं त्येला सांगा."

पलूस एसटीनं दोन तासांवर. याआधी दोनदा तिथल्या स्टँडपर्यंत जाऊन मी परतीची गाडी धरली होती. यावेळी घोडीची जखम भरू दिली आणि तिच्यावरूनच निघालो. पहिला मुक्काम कडेगावजवळ पाहुण्यांकडे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी शंकरच्या दारात उतरलो.

त्याची बायको, शालनवहिनी, अंगणात हळकुंडं निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्या उठल्या, बादली भरली आणि घोडीपुढं ठेवली. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. पेट्या, रेडिओ, कागद, माझी सही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"भावकीनं तीस वर्षं मला ऐकवलं, तुजा नवरा सोताच्या चुकीनं मेला. मला ठावं हुतं त्यानं चुकी क्येली न्हाई. तुमाला बी ठावं हुतं. मग इतकी वर्सं कुटं हुता?"

"भीत होतो, वहिनी."

"कुनाला?"

माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती.

"मला नगा सांगू," त्या म्हणाल्या. "ज्येंनी नावं ठिवली त्येंच्याम्होरं चला."

त्या पुढं, मी मागं. पारावर दहा-बारा म्हातारे बसले होते. शंकरचा चुलतभाऊही होता. मी सावधान उभा राहिलो, नंबर, रँक, नाव सांगितलं आणि सगळं पुन्हा बोललो. कपांपाशी आवाज चढला. मी तो खाली आणला नाही. चुलतभाऊ मान खाली घालून बसला. वहिनींनी वही आणि पेन आणलं होतं. सगळं लिहून घेतलं, मला सही करायला लावली. दोन प्रती. एक त्यांनी ठेवली, दुसरी मी रेकॉर्ड ऑफिसला पाठवली. अजून उत्तर नाही. मी दर महिन्याला लिहितो.

निघताना त्यांनी मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. एवढंच म्हणाल्या, "सालाला यायचं. पारावर पुन्ना सांगायचं. इसरत्यात लोकं."

राग गेला, असं मी म्हणणार नाही. तो जाऊ नये. फक्त तो आता घोडीच्या तोंडावर निघत नाही. मी यावर्षीही गेलो. पारावर उभा राहिलो आणि म्हणालो, नायक शंकर पोळ, वय एकोणतीस. त्याला मरायला धाडलं ते कप-बशांसाठी, आणि घेऊन गेलो मी. त्यानं दोन खेचरं वाचवली. तिसऱ्याचा दोर त्यानं सोडला नाही.