मुलाण्याचा मुलगा आणि एक कोंबडी

मी गाव सोडलं त्या सकाळी अब्बांना एका लग्नाला जायचं होतं. लग्न पळसदरीच्या वरच्या अंगाला, ठाकरांच्या वाडीवर होतं. निघताना त्यांनी सुरी कापडात गुंडाळून पिशवीत टाकली आणि मी पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासला. शेजारच्यांचा टेंपो मला विमानतळावर सोडणार होता. फाट्यापर्यंत अब्बा टेंपोतूनच आले, तिथे उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं जे खाशील ते विचारून खा रं." एवढंच. मग ते वाडीच्या पायवाटेला लागले. मुलगा परदेशी चाललाय म्हणून निदान त्या दिवशीचं बोलावणं त्यांनी टाळावं, असं मला फार वाटत होतं. बोललो मात्र नाही. चौक गाव येईपर्यंत रडलो, आणि ड्रायव्हरला सांगितलं की धूळ गेली डोळ्यांत.

आमचं घर मुलाण्याचं, कुठल्या तरी पिढीत घाट उतरून खाली आलेलं. गावात किंवा आसपासच्या वाड्यांवर कार्य असलं, बकरं-कोंबडं कापायचं असलं की अब्बांना बोलावणं यायचं. ते बिस्मिल्ला म्हणून कापायचे आणि मग ते मटण कुठल्याही पंगतीत चालायचं. ठाकर, मराठे, आगरी, आम्ही, सगळे एकाच पातेल्यातलं जेवायचो. हलाल हा शब्द मी लहानपणी फारसा ऐकलाच नाही. 'चाचांनी कापलंय' एवढं पुरायचं. त्यामुळे 'विचारून खा' हे त्यांचं सांगणं मला तेव्हा चमत्कारिकच वाटलं. विचारायचं कुणाला आणि काय?

शारजात तर विचारायची वेळच आली नाही. गाववाल्यांनो, तुमच्यातले जे आखातात आलेत त्यांना ठाऊक आहे, इथे डोळे मिटून कुठल्याही दुकानात शिरा, सगळं चालतं. रसायनीच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये दोन वर्षं काढून मी इथल्या एका रंगाच्या कंपनीत लागलो, त्याला आता चौदा वर्षं झाली. पनवेलची रुबिना बायको म्हणून आली. आयरा झाली, ती आता पाच वर्षांची आहे, आणि तिच्या पाठचा झैद वर्षाचा. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली सुपरमार्केट. चिकन म्हणजे थर्माकोलच्या ट्रेमध्ये मिळणारी वस्तू. ते कुणी कापलं, कुठे कापलं, याचा विचार चौदा वर्षांत एकदाही मनात आला नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

का, ते वाडीवरच्या जुन्या लोकांना माहीत आहे. रुबिनाला माहीत नव्हतं. बारावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत अब्बांनी मला एका लग्नात पहिल्यांदा सुरी हातात दिली. कोंबडीच होती. मी बिस्मिल्ला म्हटलं, सुरी टेकवली, आणि हात असा थरथरला की अर्ध्यावरच थांबलो. कोंबडी माझ्या हातातून सुटली आणि तशाच मानेनं मांडवात पळाली. बायका किंचाळल्या, पोरं हसली. अब्बांनी तिला धरून लगेच संपवली, पण म्हणाले, ही खायची नाही. वाडीतले दोघं-तिघं म्हणाले, आमाला चालतंय की. तेव्हा नवऱ्यामुलाचा आजा, काळूदादा, उठून म्हणाला, "चाचांनी नाय म्हटलं म्हंजे नाय." कोंबडी पुरली. परतीच्या वाटेवर अब्बा एवढंच बोलले: "हात थरथरतो त्याचं काय नाय. पन अर्ध्यावर थांबलास, त्याचा तरास जनावराला झाला." पुन्हा त्यांनी मला कधी सुरी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. नोकरी, पगार, परदेश हे सगळं होतंच, पण मी गाव सोडलं त्यात ती कोंबडीही होती.

गेल्या डिसेंबरात आम्ही सुट्टीला जॉर्जियाला गेलो. शारजाहून सगळेच जातात, विमानानं तीन-चार तासांचा प्रवास, आणि मुलांना बर्फ दाखवायचा होता. मी राजधानीतली हलाल हॉटेलं फोनवर नोंदवून ठेवली होती. रुबिनानं त्याहून शहाणपण केलं: छोटा कुकर, डाळ-तांदूळ आणि मसाल्याचा डबा बॅगेत भरला. डोंगरातल्या एका खेड्यात दोन दिवस राहायचं ठरलं होतं. गेस्टहाऊस म्हणजे मानाना नावाच्या साठीतल्या विधवा बाईंचं घर. मागे गोठा आणि खुराडं. बाई प्रेमळ होत्या, पण पहिल्याच सकाळी ओसरीवर सोललेलं डुक्कर टांगलेलं दिसलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाची ती तयारी असते. रुबिनानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं तर बटाटे त्याच चरबीत परतले जात होते. त्या क्षणापासून आमचं खाणं म्हणजे कुकरमधली खिचडी, उकडलेली अंडी आणि ब्रेड. दोन दिवसांचाच प्रश्न होता.

दुसऱ्या रात्री बर्फाची दरड येऊन रस्ता बंद झाला. आणि त्याच पहाटे आयराला उलट्या सुरू झाल्या.

पहिला दिवस आम्ही धीरानं काढला. शारजातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाणी, मीठ-साखर, थोडं थोडं देत राहा. उलट्या थांबल्या, ताप राहिला, आणि ती काही खाईना. खिचडी तोंडाशी नेली की मान फिरवायची. ब्रेड नको, अंडं नको. मीठ-साखरेचं पाणीही आता थुंकून टाकायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि ती रडतही नव्हती. मुलं रडतात तोवर बरं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी खारट, गरम, पोटात जायलाच हवं, चिकन सूप मिळालं तर उत्तम, आणि तिला लघवी झाली नाही तर कसंही करून हॉस्पिटल गाठा. हॉस्पिटल बर्फाच्या पलीकडे होतं. रस्ता कधी उघडेल असं विचारलं की गावातले लोक 'उद्या' म्हणायचे. आदल्या दिवशीही ते 'उद्या'च म्हणाले होते.

मानाना वाडगा घेऊन दारात आल्या. त्यांच्या फ्रीझरमधल्या कोंबडीचं सूप होतं, त्यांनी स्वतः कापलेल्या. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधून एका बाईचा कोरडा आवाज म्हणाला, मुलीला द्या, मुलीला ताकद येईल. मी वाडगा घेतला.

"द्यायचं?" रुबिनानं विचारलं.

"दे. मजबुरीत सगळं चालतं. कुणालाही विचार."

"मजबुरी कुठे आहे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तीन रात्रींचं जागरण त्यात होतं. "कोंबडी खुराड्यात आहे, आणि मुलाणी घरात. तुम्ही उठा की. तुमच्या घरचंच काम आहे ना हे?"

लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी अब्बांच्या कामाचं कौतुक केलं होतं, 'मुलगाही शिकलेला असेल' म्हणाले होते, आणि मी खाली मान घालून हसलो होतो. ते हसू आता अंगाशी आलं होतं. तिला खरं सांगून मोकळं व्हावं आणि वाडगा आयराच्या तोंडाला लावावा, असं एकदा वाटलं. कदाचित तेच बरोबर असेल, अजूनही मला ठामपणे सांगता येत नाही. पण माझ्या लेकीच्या तोंडात काय जाणार हे माझ्या भित्रेपणानं ठरणार होतं, आणि त्याची मला लाज वाटली.

मी ॲपमध्ये बोललो: तुमची एक कोंबडी मला द्याल का? मी कापतो. मानाना बर्फातून चालत खुराड्याकडे गेल्या.

फोनची रेंज फक्त गोठ्यापाशी यायची. तिथून अब्बांना लावला. सगळं घडाघडा सांगितलं.

"सुरी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"त्यांचीच आहे. डुकराला वापरलेली."

"नीट धू. धुतली की झाली. धार नसंल तर कपाच्या बुडावर घास, पन कोंबडीसमोर नको. आधी पानी पाज तिला. किबल्याकडं तोंड कर."

"अब्बा, माझा हात..."

"थरथरू दे. थांबू नको."

एवढ्यात रेंज गेली.

आपल्या गावी तोंड मावळतीला करायचं असतं, हे अंगात भिनलेलं आहे. इथे किबला, म्हणजे मक्केची दिशा, दक्षिणेला होती, ती फोनमधल्या होकायंत्रावर बघावी लागली. सुरी तीनदा धुतली, चिनी मातीच्या कपाच्या बुडावर घासली. कोंबडी तांबडी होती, अंगानं गरम. पाणी तिनं दोन घोट घेतलं आणि माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं. मानानांनी तिचे पाय धरले. बिस्मिल्ला, अल्लाहू अकबर. हात थरथरला, खोटं कशाला सांगू. पण थांबलो नाही. मग सगळं फार पटकन झालं, आणि बर्फावर एवढं लाल दिसलं की मी दुसरीकडे बघितलं. कोंबडी शांत झाली तेव्हा मी गुडघ्यांवर बसलेला होतो आणि पँट बर्फानं भिजली होती.

पिसं काढता काढता रुबिनाला सांगून टाकलं. मांडव, काळूदादा, सगळं. ती म्हणाली, "हे मला आता सांगताय? पंखाखालची राहिलीत, ती काढा आधी." मग तिनं आमच्या कुकरमध्ये आलं आणि मिरी घालून पाच शिट्ट्या केल्या. आयरानं पहिल्या चमच्याला मान फिरवली. दुसरा ओठांवर नुसता टेकवला, तो तिनं चाटला. मग चार चमचे गेले, मग अर्धी वाटी. तासाभरानं तिनं शू लागली म्हणून सांगितलं, आणि तिला उचलून नेताना रुबिना एवढी रडली की ती पोरच घाबरली.

संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा गोठ्यापाशी गेलो आणि अब्बांना फोन लावला.

"पोरगी जेवली?"

"जेवली. शूसुद्धा झाली."

"अल्हमदुलिल्ला. रगतावर माती टाकलीस?"

नव्हती टाकली. त्या धावपळीत आठवलंही नव्हतं. फोन कानाला तसाच ठेवून मी गोठ्यामागे गेलो. तिथे बर्फ बाजूला सारलेला होता, आणि जागेवर माती टाकून फावड्यानं थापून बसवलेली होती. वर थोडी चुलीतली राखही होती. मानानांशिवाय हे करणारं तिथे कुणी नव्हतं.

"बाईंनी टाकलीय, अब्बा. मी काही सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, "मग चांगली मान्सं हायत. पोरीला बरं वाटंस्तवर ऱ्हा तिथंच. घाई नको करू." आणि फोन ठेवला.

मी तिथेच उभा राहिलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळेना. मग कळलं. चौदा वर्षांत अब्बांचा एकही फोन 'कवा येतोस' विचारल्याशिवाय संपलेला नाही. मी त्या प्रश्नाला वैतागायचो. कधी सुट्टी नाही म्हणायचो, कधी तिकीट महाग, कधी मुलांची शाळा. रुबिनाला म्हणायचो, यांना दुसरं काही सुचतच नाही. अब्बांचे गुडघे गेले, वाड्यांवरची बोलावणी थांबली. आता लग्नांना कर्जतहून दुकानातलं चिकन पिशवीतून येतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. तेही मी ऐकून सोडून दिलं होतं.

मी पुन्हा फोन लावला.

"आता काय झालं रं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काय?"

"कवा येतोस ते."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "विचारून काय करू? तुजं उत्तर मला पाठ हाय."

रागानं नाही म्हणाले. राग असता तर मला सोपं गेलं असतं. रस्ता त्यानंतर तिसऱ्या दिवशी उघडला, आम्ही शारजाला परतलो, आयरा आता ठणठणीत आहे आणि शाळेत सगळ्यांना बर्फाबद्दल थापा मारते. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि मागे राहिलेल्या तुम्हालाही एवढंच सांगायला हे लिहायला बसलो. घर म्हणजे गाव, पळसदरीचं पाणी, वाडीची पायवाट असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते तसं नव्हतं. उत्तर पाठ असूनही दर आठवड्याला विचारणारा एक म्हातारा, तेवढंच माझं घर होतं, आणि तो आता विचारून थकलाय.