आयुधाला आंघोळ

बंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या बेअरिंगवाल्यानं मला पहिल्यांदा कन्नडमध्ये विचारलं, "मगनिगा?" मुलासाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. तो हसला आणि कागदाच्या पुडीत बेअरिंग बांधता बांधता म्हणाला, कितवीत आहे मुलगा? आता अशा माणसाला काय सांगायचं? मला दोन मुली आहेत आणि दोघींनाही माझ्या ट्रकची लाज वाटते. थोरलीच्या मैत्रिणी येणार असल्या की ती आधी ट्रकवर टॉवेल टाकते. पण बेअरिंगवाल्याला मी हे सांगितलं नाही. पुडी घेतली आणि बस पकडली, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला फैलावर घेत होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. ट्रक म्हणजे हातभर लांबीचा, रेडिओच्या रिमोटवर चालणारा. माझ्या लग्नाआधी अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तो सिंगापूरहून आणला होता. अण्णा जहाजावर होता. खोक्यात सगळे सुटे भाग, आणि ते जोडायचे आपण. त्यानं चार दिवस खटपट केली आणि मागची चाकं उलटी बसवली. मग मी सगळं सोडवून पहिल्यापासून जोडलं. परत जहाजावर जाताना तो म्हणाला, तूच ठेव, तुझाच आहे. लग्न होऊन मी आले ती साड्यांच्या ट्रंकेत ट्रक घेऊन. मग दोन बाळंतपणं, नोकरी, आजारपणं, पाहुणे, आणि ट्रक माळ्यावर. अकरा वर्षं.

एका उन्हाळ्यात माळा साफ करताना तो हाती लागला. बॅटरी फुगून पाझरलेली, टायर कडक झालेले. मी तिथेच शिडीवर बसून राहिले. हे खालून ओरडले, अगं झुरळ आहे की काय?

मी एका सरकारी कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर काम करायची. अठरा वर्षं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत मी वीस जोड देते आणि एकही शेजारच्याला चिकटत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगते ते अशासाठी की हेच हात घरी आल्यावर पोळ्या लाटायचे आणि कोणाला काही वाटायचं नाही, पण त्या हातांनी ट्रकची एक वायर जोडली की घरभर चर्चा. काय तर म्हणे, या वयात खेळणं.

खेळणं म्हणे. त्यात मूळचे प्लास्टिकचे बुश होते, चाकाचा दांडा ज्यात फिरतो ती भोकं. ती झिजली की चाक डुलतं. ती काढून मी बारीक बॉल बेअरिंग बसवले, एकेक करून, पगार झाला की दोन. सहा सेल आणून स्वतः जोडून बॅटरी केली. धक्के शोषणाऱ्या नळ्यांतलं तेल सुकलं होतं. शिलाईमशीनचं तेल घातलं तर फार पातळ, ट्रक बेडकासारखा उड्या मारायला लागला. मग त्यात एरंडेल मिसळलं, थोडं थोडं वाढवत. चौथ्या खेपेला जमलं. अण्णानं एका ओळखीच्या माणसाबरोबर इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर पाठवला, म्हणजे वेग कमीजास्त करणारी सर्किटची डबी. जुना होता तो नुसता सरकणाऱ्या पट्टीचा, तीन टप्प्यांत झटके देत चालायचा. तो काढून मी बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला. नव्या डबीनं ट्रक लोण्यासारखा सुटायचा.

एरंडेलाची बाटली कमी होते आहे हे फक्त अक्कांच्या लक्षात आलं. अक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. सासर सोडून माहेरी आल्या त्याला तीस वर्षं झाली होती, आणि का आल्या यावर घरात कोणी बोलत नसे. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात, देवघर त्यांच्या ताब्यात, आणि त्यांच्या मते मीही त्यांच्या ताब्यात. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "कोणाचं पोट बिघडलंय?" मी म्हटलं ट्रकचं. त्या नुसत्या ट्रककडे बघत राहिल्या. त्या अशा बघायला लागल्या की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

हेब्बाळच्या पलीकडे तेव्हा मोकळं मैदान होतं. तिथे दर महिन्याला असल्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. कारखान्यातल्या एका इंजिनियरनं सांगितलं म्हणून मी गेले. टेबलावर एक निवृत्त फौजी साहेब वही घेऊन बसलेले, मिशीला पीळ. त्यांनी माझ्या हातातला ट्रक बघितला, मग माझ्या मागे बघितलं, कोण येतंय का म्हणून. म्हणाले, मुलगा पार्किंगला गेलाय का? मी म्हटलं मुलगा नाही, मीच चालवणार. तर म्हणतात, बरं, मिस्टरांचं नाव सांगा. आणि लिहिलं की हो यांचं नाव. हे तेव्हा घरी जेवून आडवे झालेले. रिमोट कुठल्या बाजूनं धरायचा ते यांना आजतागायत माहीत नाही. शर्यतीनंतर कर्ण्यावरून निकाल सांगितला. त्या दिवशी माझ्या हातांनी यांचा पाचवा नंबर आला.

घरी आले ती तणतणत. भाजीची पिशवी आपटली. यांना सांगितलं, मुलींना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. म्हटलं, बक्षीस नको मला, चमचा नको की कप नको. त्या वहीत माझं नाव पाहिजे. दसऱ्याला मोठी शर्यत आहे, त्या दिवशी माझं नाव लिहून घेतलं नाही तर ट्रक परत माळ्यावर, आणि मी पुन्हा काढणार नाही. हे म्हणाले, अगं स्वल्प शांत हो, कोणाचं का नाव असेना, चालवलास तूच ना? यांना काय जातंय असं म्हणायला? पाचवा आला होता यांचा. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात मी त्या साहेबांना पुन्हा विचारलं. नवे बेअरिंग दाखवले, चाक बोटानं फिरवून दाखवलं, किती वेळ फिरत राहतं बघा म्हटलं. ते घड्याळ बघत होते. म्हणाले, "मॅडम, दसऱ्याची शर्यत सीरियस असते. खेळणी चालत नाहीत. त्या दिवशी या, बघू."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. बंगळूरात त्या दिवशी चाकाला फूल नाही अशी गाडी सापडायची नाही. कारखान्यातही पूजा, प्रत्येक टेबलावर कुंकू, हातात बुंदी-चुरमुऱ्यांची पुडी, आणि दुपारी सुटी. मी घाईघाईनं घरी आले, कारण ट्रकची एक वायर सैल होती, तेवढी लावायची राहिली होती.

अंगणात यांची स्कूटर धुऊन उभी होती. तिच्या शेजारी, दगडावर, माझा ट्रक. ओला. नुसता पुसलेला नाही, आंघोळ घातलेला. बादली तिथेच होती, साबणाचा फेस तिथेच होता. चाकांना खोबरेल तेल चोळलेलं, टपावर हळदीकुंकू, मागच्या दांड्यात झेंडूची माळ गुंडाळलेली, आणि पुढे नारळ फोडलेला. नारळाचं पाणी ट्रकच्या पोटातून थेंब थेंब गळत होतं. गोड, चिकट पाणी. सर्किटवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्का हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, अक्का, हे काय केलंत? त्या म्हणाल्या, "वाहन आहे ना? पूजेआधी धुवायला नको?" मग मात्र माझा तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, मुद्दाम केलंत तुम्ही. उद्या शर्यत आहे हे माहीत होतं तुम्हाला. तुम्हाला स्वतःला कधी काही करायला मिळालं नाही, म्हणून दुसऱ्यानं केलेलं बघवत नाही. हे मी बोलले. मुलींच्या देखत बोलले. अक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या एवढंच म्हणाल्या, "आता हात लावू नकोस. पूजेला लावलंय. सकाळी उत्तरपूजा झाली की उचल."

आणि मी हात लावला नाही. याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. पाणी सर्किटमध्ये मुरतंय हे मला कळत होतं, आत्ता खोललं तर वाचेल हे कळत होतं, सोल्डरिंग आयर्न समोर होती. पण तीही अक्कांनी पूजेत मांडलेली, तिच्याही टोकाला कुंकू. पूजेतलं आयुध त्या दिवशी उचलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं की माझा हात पुढे होईना. कारखान्यात अठरा वर्षं काढलेली बाई, आणि उभी राहिले बघत. काय म्हणावं माझ्या अकलेला.

संध्याकाळी घरातली पूजा. आमच्याकडे प्रत्येकाच्या पाटासमोर त्याचं त्याचं आयुध मांडायची रीत. मांडणी अक्का करतात. यांच्यासमोर पेन आणि स्कूटरची किल्ली, मुलींसमोर कंपासपेट्या. माझ्यासमोर विळी, लाटणं आणि कात्री. चौदा वर्षं तेच. अक्कांच्या पाटासमोर काही नसायचं.

मी फुरंगटून पाटावर बसले, आरती सुरू झाली, आणि मग मी खाली बघितलं. माझ्यासमोर विळी नव्हती. लाटणंही नव्हतं. केळीच्या पानावर माझा ट्रक होता, डाव्या बाजूला सोल्डरिंग आयर्न आणि उजव्या बाजूला रिमोट, त्यावर एकेक फूल. विळी आणि लाटणं अक्कांच्या पाटासमोर होतं.

मी अक्कांकडे बघितलं. त्या निरांजनाकडे बघत होत्या. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. गेला नव्हता. पण आरतीचे शब्द मी दोनदा चुकले. माफी मी तेव्हा मागितली नाही. मागायला पाहिजे होती.

सकाळी उजाडायच्या सुमारास अक्कांनी मला उठवलं. उत्तरपूजा त्यांनी उरकलीच होती, बाकी सगळे झोपलेले. "घे," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरातच ट्रक खोलला. रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर मी फुग्यात घालून तोंड बांधलेलं होतं म्हणून वाचला. स्पीड कंट्रोलर मात्र खलास. अण्णानं समुद्रापलीकडून पाठवलेली डबी नारळाच्या पाण्यानं गेली. मग बिस्किटांचा डबा काढला, जुनी पट्टी काढली, आणि आयर्न तापवली. टोकावरचं कुंकू जळून वास आला. अक्का शेजारी विजेरी धरून उभ्या. चार जोड दिले. ट्रक हलला, पण तसाच, झटके देत.

निघताना अक्कांनी चाकांखाली लिंबं ठेवली. वाहन लिंबू चिरडून बाहेर पडायला पाहिजे. आता दोन किलोचा ट्रक लिंबू कसलं चिरडतोय. चाक वर चढलं, लिंबू घरंगळलं, असं तीनदा झालं. शेवटी अक्कांनी निऱ्या सावरल्या आणि टाचेनं लिंबू चिरडलं. म्हणाल्या, "झालं. जा आता."

मैदानावर तेच साहेब, तीच वही. मागे त्यांची जीप, तिला केळीचे खुंट बांधलेले, काचेवर गंध. मी ट्रक टेबलावर ठेवला. झेंडूची माळ मी घरून काढली नव्हती आणि टपावरचं हळदीकुंकू तसंच होतं. त्यांनी बघितलं. माझ्या मागे बघितलं नाही. ट्रककडे बघितलं, मग स्वतःच्या जीपकडे. कन्नडमध्ये म्हणाले, आयुधपूजा झाली वाटतं. मी म्हटलं, झाली. "मग हे तुमचंच," ते म्हणाले, आणि वही पुढे ओढून नाव विचारलं. माझं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? दोन वर्षं मी खपले. बेअरिंग, बॅटरी, तेलाची चार मिश्रणं. मी ते सगळं त्या माणसाच्या नाकासमोर फिरवून दाखवलं होतं, तेव्हा ते खेळणं होतं. एका बाईनं त्यावर कुंकू लावलं तर आयुध झालं. मला आजही ते आठवलं की चीड येते, आणि त्याच वेळी हेही आठवतं की नुसतं कुंकू लावून अक्का थांबल्या नव्हत्या.

नऊ जणांत मी आठवी आले. झेंडूची माळ दांड्यात अडकली, दोनदा पळत जाऊन सोडवावी लागली. कर्ण्यावरून आठवा नंबर सांगतात तेव्हा कोणी ऐकत नाही. मी ऐकला. माझं नाव होतं, माझं स्वतःचं.

घरी आले तेव्हा दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. मी ट्रक ओट्याच्या कडेला ठेवला. अक्का कोबी समोर घेऊन बसल्या होत्या. कितवा नंबर आला हे त्यांनी विचारलं नाही.

"नाव कोणाचं लिहिलं?"

"माझं."

"सरी, बरं झालं," अक्का म्हणाल्या, आणि विळी जवळ ओढली. मी सवयीनं ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, "ही माझी आहे. तू तुझं बघ."