पुसलेला निरोप

फिटरकाका मेसेजला कधी उत्तर देत नसत. नव्या सुपरवायझर मुलीला तो उर्मटपणा वाटायचा. तपासणीच्या सकाळी तिने मोठ्या पंपाच्या बोल्टांवरच्या खडूच्या रेघा फडक्याने लख्ख पुसल्या. तेवढ्यात काका कामावर आले.

"अहो ताई, मला आलेलं पत्र पुसलंत की!"

रात्रपाळीचा फिटर आवळलेल्या बोल्टावर रेघ मारून जाई. चाळिसातले तीन बिनरेघेचे, म्हणजे सैल होते एवढं तिला आठवलं, कुठले ते नाही; आणि रात्रपाळीवाला फोन बंद करून घरी झोपला होता. सगळे पुन्हा आवळायला अर्धा दिवस लागला असता. पंप तासाभरात सुरू व्हायचा होता. तिच्या नोकरीचा तिसराच आठवडा.

काकांनी हातोडी घेतली. प्रत्येक बोल्टाला एका अंगाने बोट लावून दुसऱ्या अंगाने हलका ठोका. एकही वगळला नाही, घाई केली नाही. दोन सैल सापडले, ते आवळले. चौतिसाव्यावर मात्र त्यांनी तिचं बोट ठेवलं.

"ऐका."

बाकीचे खणखणीत वाजले होते, हा बद्द वाजला. फरक केसाएवढा. तिने काकांकडे वळून विचारलं,

"किती वर्षं लागली हो हे यायला?"

"अजून शिकतोय. पाना द्या."

पंप वेळेवर सुरू झाला.