जिजाबाईनं धाडलेला निरोप

कारंजा लाडच्या भाजीबाजारात भाजी विकणाऱ्या जिजाबाईला फसवणं सोपं नाही. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीत पिवळी काडी दिसली तर ती स्वतःच उपसून फेकते, आणि भाव पाडून मागणाऱ्याला पाणी पाजूनच पाठवते. अशी ही खमकी बाई एका कावळ्यापुढे मात्र पार हबकली.

मे महिना होता. सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या आणि तिचा एकुलता एक मुलगा आदर्श फौजेत, जम्मूकडे होता. सकाळी फोनवर तो हसत हसत सांगून बसला, "आई, काल माह्या डोक्यावर कावळा बसला." त्याला काय, गंमत! कावळा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं म्हणतात, आणि त्यावर उपाय एकच: त्या माणसाची खोटी मौत सोयऱ्यांना कळवायची. ते खरंखुरं रडले की आलेलं मरण रडण्यावर भागतं. मग खरं सांगून टाकायचं. तिनं इंझोरीला बहिणीला फोन लावला. "लिलाबाई, आपला आदर्श गेला वं," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

घटकाभरानं खरं सांगायला पुन्हा लावला, तर उचलायला कोणी नाही. लिलाबाई फोन घरीच टाकून रडत एसटीत बसली होती. लढाईचे दिवस, त्यात फौजेतला पोरगा. बातमी थांबते कशाला? दुपारपर्यंत आदर्शचा हार घातलेला फोटो तालुकाभर मोबाइलवर फिरला आणि गावाबाहेर मळ्यातल्या जिजाबाईच्या घरी माणूस मावेना.

"खोटं हाये," जिजाबाई ज्याला त्याला सांगत सुटली. "मीच उठवलं. जिवंत हाये माहा पोरगा." लोक तिच्या पाठीवरून हात फिरवत. धक्क्यानं बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ठरवून सगळे मोकळे झाले.

तेवढ्यात सून आली. अंजू माहेरी, धनजला गेलेली. कपाळ पुसलेलं, हातात एक बांगडी नाही. तिथल्या बायांनी मागचापुढचा विचार न करता फोडल्या होत्या. कसंबसं जिजाबाईनं कावळ्याचं सांगितलं. अंजूनं ऐकून घेतलं.

"मंग त्याइले फोन लावा."

लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

आता मात्र जिजाबाई पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिली. आपल्या तोंडून निघालं ते खरं तर झालं नसेल? "मी कायले बोलली वं माय," ती पुटपुटत राहिली. इतक्या लोकांना रडवलं आणि तिला स्वतःला रडू येईना.

दिवस कलताना फोन वाजला.

"आई, मोबाइल जमा करून घेतले होते. काहून इतके फोन केले?"

आदर्शच होता. मळ्यातली माणसं जागच्या जागी थिजली.

"अंजू हाये का तिथं? दे तिले. थांब, व्हिडिओ लावतो. लय दिवस झाले तिले पाह्यलं नाही."

अंजूनं फोन घेतला. दुसरा बिनबांगड्यांचा हात पदराखाली ओढत ती म्हणाली, "नोका लावू व्हिडिओ. नुसतं बोला."