पटाच्या रेषेवरचा फोन

माझा हात लवकर उठतो, हे आधीच सांगून टाकतो. महागावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाशी भांडण झालं नाही असा दिवस मला आठवत नाही. एकाची बॅटरी टिकत नाही, दुसऱ्याचा कॅमेरा अटकतो. दोन्हीचं मूळ पुष्कळदा स्क्रीनमध्येच असतं. काही फोनची स्क्रीन सेकंदाला एकशेवीस वेळा नवं चित्र दाखवते; चित्र मस्त चालतं, पण बॅटरी खाते. साठावर आणली की बॅटरी टिकते, पण चित्र जड होतं, आणि फोन तापला तर झटकेच द्यायला लागतं. आमची माणसं दिवसभर वावरात, चार्जिंग कुठून आणणार? म्हणून मी येईल त्याचा फोन बचतीवर, म्हणजे साठावर, टाकून द्यायचो. माझाही तसाच होता.

आमच्याकडं शंकरपटाचा लय नाद. दोन पट्ट्यांवर दोन बैलजोड्या सुटतात, जी आधी रेषा ओलांडेल ती जिंकली. त्यावरून दरवर्षी डोकी फुटायची. शेवटी पटाच्या कमिटीनं ठरवलं की रेषेवर स्टँड लावून मोबाईल ठेवायचा, त्यात पाहणारा तो पंच, आणि पंच माइकवर बोलला की विषय संपला. रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहायचं नाही, बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. मोबाईलवाला म्हणून पंच मीच. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या फेरीला एक लाल जोडी होती आणि एक पांढरी. लाल जोडी हाकणारा धुरकरी झरीकडचा, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. जोडी मालकाची, पण दोन्ही बैल यानंच गोऱ्हे असल्यापासून वाढवलेले. मालकानं त्याला चारचौघांत सांगून ठेवलं होतं की आज हरला तर कासरा दुसऱ्याच्या हातात जाईल आणि गोठ्यातही पाय ठेवायचा नाही. सुटायच्या आधी तो माझ्याकडं आला.

"भाऊ, नीट पाहजो," एवढंच म्हणाला.

फोन सकाळपासून उन्हात उभा होता, हात लावला तर चटका बसत होता. जोड्या सुटल्या. मी स्क्रीनवर डोळे लावले. एका झटक्यात दोन्ही जोड्या रेषेच्या अलीकडं होत्या, पुढच्या झटक्यात दोन्ही पलीकडं. मधलं काहीच दिसलं नाही. दिसलं नाही असं सांगायला पाहिजे होतं. पण हजार माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती, पांढऱ्या जोडीवाले आधीच नाचत होते, आणि पंचाला दिसलं नाही म्हणजे इज्जतच गेली. मी माइकवर पांढरी जोडी म्हणून मोकळा झालो.

धुरकऱ्यानं छकड्यावरून उडी मारली आणि सरळ माझ्यासमोर आला.

"तू मोबाईलात पाहून राह्यला होता, म्या डोयानं पाह्यलं. माह्या बैलाचं तोंड आधी गेलं. तू खोटं बोलतं."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो तिथंच बसला. पंचानंच हात टाकला म्हटल्यावर पांढऱ्या जोडीवाल्यांना परवानगीच मिळाली. पाच-सहा जण त्याच्यावर पडले. पोटात लाथा, तोंडावर जोडे. एकानं बंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून त्याच्या उजव्या खांद्यावर घातली, आणि कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मग लाल जोडीवाले धावले. खुर्च्या उडाल्या, मंडपाचे बांबू निघाले, एकाच्या भुवईतून रक्ताची धार लागली. मीही दोघांना हाणलं, आणि हाणताना मला बरं वाटत होतं. लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे. या सगळ्यात लाल जोडीचा मालक आपल्या जीपजवळ उभा होता. त्यानं धुरकऱ्याकडं पाहिलंही नाही. कासरा उचलला आणि शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेकॉर्डिंग उघडलं. स्क्रीन झटके देत असली तरी कॅमेऱ्यानं सगळं बरोबर टिपलं होतं. एकेक चित्र पुढं सरकवत गेलो. लाल बैलाचं तोंड वीतभर पुढं होतं. पुढं फोन तसाच चालू होता, त्यात माझी थापड होती, उभारी होती, धुरकरी खाली पडून खांदा झाकत होता तेही होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन मी धुरकऱ्याला सांगितलं की त्याचीच जोडी जिंकली होती. तो रागावला नाही, रडला नाही. जिथं बोललास तिथंच, माइकवरच सांग, एवढं त्यानं मागितलं.

पुढच्या पटात मी माइक घेतला. माझा फोन बचतीवर होता, स्क्रीन अटकत होती, मला दिसलं नाही तरी मी बोललो, लाल जोडी जिंकली होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग स्क्रीन एकशेवीसवर करून मालकाला आणि कमिटीला तो तुकडा दाखवला. चित्र लोण्यासारखं सरकलं. कोणाला शंका राहिली नाही. मालक वरमला. त्यानं धुरकऱ्याला गर्दीतून बोलावलं आणि कासरा त्याच्या हातात दिला.

तो छकड्यावर चढला. बैलांनी त्याला ओळखलं, दोघांनी माना वळवल्या. त्यानं कासरा उजव्या हाताला गुंडाळला, पण हात छातीच्या वर जाईना. एका बैलानं नुसता हिसका दिला आणि तो गुडघ्यावर आला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा तेच. मग स्वतःच खाली उतरला, मालकानं मागच्या पटात कासरा दिलेल्या त्या दुसऱ्या माणसाला तो परत दिला, दोन्ही बैलांच्या पाठीवरून डावा हात फिरवला आणि माझ्याकडं आला. कमिटी तिथंच उभी होती.

"हे दाखवलं, बरं केलं," तो म्हणाला. "आता त्याच्या पुढचं दाखव."

पुढचं नव्हतंच. थापड, उभारी, सगळं मी रेकॉर्डिंग पाहिलं त्याच सकाळी कापून टाकलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी त्याला म्हणालो की एवढंच रेकॉर्ड झालं होतं. माइक अजून माझ्या हातात होता, चालू होता, आणि ते साऱ्या पटाला ऐकू गेलं.