वाळूत पुरलेलं पातेलं

पैसे भरून समुद्राकाठी कापडी तंबूत राहायला का जायचं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. आमच्याकडे साखर कारखान्याजवळ ऊसतोडीवाले पाचटाच्या कोप्यांत राहतात, ते नाइलाजाने. इथे माणसं गाड्या घेऊन येत होती आणि कोपीत शिरून खुश होत होती.

मुलगा सुरतला नोकरीला आहे. नवरा गेल्यापासून मी लोणखेड्याच्या घरी एकटी असते. गॅसवर दूध ठेवून मी दोनदा विसरले, हे शेजारणीने त्याला फोन करून सांगितलं. खरंच होतं ते. गाडीत तो म्हणाला, "दोन दिन पाहसूत, माय. ठीक ऱ्हायनी ते लोणखेडाले ऱ्हाय. नही ते सुरतले चाल." सून खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती. मी चौथी शिकले आहे, परीक्षा दिल्या आहेत. पण इथे कशात पास व्हायचं ते कळेना.

समुद्र आधी पाहिला नव्हता. तो वाहतो कुठल्या बाजूला, ते बघत मी बराच वेळ उभी राहिले. नदीला वरची बाजू असते, खालची असते, त्यावरून आपण कुठे आहोत ते समजतं. इथे पाणी नुसतं पुढे यायचं, मागे जायचं. "आपली तापी आठेच कोठेतरी मिळस," मुलगा म्हणाला. कुठे, ते त्याला दाखवता आलं नाही. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पडली होती. सून म्हणाली, खेकड्यांनी केली. खेकड्यांना काय पडलंय ते मी विचारलं नाही. लोक शिंपले वेचत होते, उंटावर बसत होते, पाण्याकडे पाठ करून पाण्याचे फोटो काढत होते.

मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि वांगी बरोबर घेतली होती. तंबूवाला म्हणाला, कापडाजवळ जाळ नको. म्हणून मी खाली गेले, जिथून पाणी नुकतंच उतरलं होतं तिथे.

लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही तापीच्या वाळूत टरबुजं लावायचो. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घ्यायचे, खत टाकायचं, बी लावायचं. एकदा उतरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत यायचं नाही. चूल पाण्याजवळ मांडायची, म्हणजे भांडी घासायला लांब जायला नको. घरी जाताना तवा-पातेलं वाळूत पुरून वर दगड ठेवायचा. कुत्री हात लावत नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर.

इथेही मी तेच केलं. एक होडी वाळूवर कलंडून उभी होती. तिच्या तोंडासमोर तीन दगड मांडले, भाकरी भाजल्या, भरीत केलं. वाकताना कमरेला खोचलेली घराची किल्ली टोचत होती, ती कापडात बांधून पातेल्यात टाकली. जेवण वर नेलं, भांडी पुरली. संध्याकाळी परत भाकरी करायच्याच होत्या.

जेवून पडले. उठले तर समुद्र तंबूंच्या जवळ आलेला, आणि होडी पाण्यावर डुलत होती.

मुलाचं लक्ष माझ्या रिकाम्या कमरेकडे गेलं. "माय, घरनी किल्ली कोठे शे?"

"पातेलामा."

"मंग पातेलं कोठे शे?"

"होडीना समोर, वाळूमा गाडं."

"होडी ते पानीमा शे."

"सकाये नव्हती."

त्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने माझी पिशवी उपसली, गादी उचलून पाहिली. "आत्या, कोठे तरी ठेयेल व्हई. तुमले याद नही व्हई."

"भांडा कोन गाडस वाळूमा?" मुलगा म्हणाला. आमची टरबुजं बंद झाली तेव्हा तो पाळण्यात होता.

मग मीही घोटाळ्यात पडले. वाळू उकरल्याचं आठवत होतं, वर दगड ठेवल्याचंही. पण ते मी शंभर वेळा केलं आहे, तापीच्या वाळूत. आज केलं की तेव्हाचंच आठवतंय, ते मला सांगता येईना.

"किल्ली गई ते गई," मुलगा म्हणाला. "आते सुरतलेच चाल."



दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी परत मागे गेलं. होडी वाळूवर टेकली. तिच्या तोंडासमोर मी उकरलं. काही नाही. मुलानेही हातांनी उकरलं, माझं मन राखायला. मग हात झटकून उभा राहिला. "चाल माय, गाडी भरसूत."

वळताना पंधरा-वीस पावलांवर मला एक दगड दिसला. त्याची एक बाजू काळी होती, चुलीची. तिथे उकरलं तर तवा लागला. खाली पातेलं, वाळूने भरलेलं, आणि कापडात किल्ली.

मुलगा वाळूतच बसला. "तू खरंच गाडं व्हतं."

"मंग काय खोटं सांगं?"

"पन होडीना समोर म्हने ना तू?"

"होडी फिरनी व्हई."

फिरली असेल. दोरीला बांधलेली होती, पाण्याने फिरवली असेल. की मीच पहिल्या दिवशी चुकीच्या बाजूला बसले होते? आजही शपथ घेऊन सांगू शकणार नाही. त्याला हे सांगितलं नाही.

त्याने मला लोणखेड्याला आणून सोडलं. खाऱ्या पाण्याने किल्लीला गंज चढला होता, कुलूप फिरेना. तेलाचे चार थेंब सोडल्यावर उघडलं.

"दिवाईलगून ऱ्हाय," तो म्हणाला. "मंग पाहसूत." म्हणजे दिवाळीपर्यंत मुदत.

दूध ठेवलं की आता मी गॅससमोरून उठत नाही.